उलट्या दारांची गाडी आणि आमचे भाऊजी

माझ्या थोरल्या दिरांइतका जुन्या गाड्यांवर जीव टाकणारा, आणि तरीही पन्नाशी येईपर्यंत दारात एका सायकलीशिवाय काही नसलेला माणूस औरंगाबादेतच काय, अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. हे मी उगाच लिहीत नाही. मी यादी करणारी बाई आहे. किराण्यापासून लग्नातल्या आहेरांपर्यंत आमच्या घरातल्या सगळ्या याद्या माझ्या हातच्या, आणि आजवर एकही वस्तू राहिली नाही. एकदा भाऊजींच्या वेडांचीही यादी करायला बसले होते. दोन पानं भरली. तिसरं घेईपर्यंत त्यांनी चार नवी वेडं काढली होती, तेव्हा वही मिटून ठेवली.

भाऊजी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. कालव्यांची मोजणी असली की जिल्हाभर हिंडावं लागे. बाकीचे लोक संध्याकाळी परत येताना शेतातल्या शेंगा नाहीतर ताजी वांगी घेऊन येत. भाऊजी बातम्या घेऊन येत. अमक्या गावात पेंढीच्या गंजीमागे एक गाडी आहे. तमक्या वस्तीवर एका गाडीच्या टपावर वाळवण घालतात. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस ॲक्शननंतर बऱ्याच मोठ्या घरांची ऐट उतरली, आणि त्यांच्या मोटारी कुठे कुठे विकल्या गेल्या, कुठे गोठ्यात जाऊन बसल्या. त्यानंतर कापसाच्या व्यापाऱ्यांनी घेतलेल्या गाड्यांचंही पुढे तेच झालं. या सगळ्यांचा हिशोब सरकारदरबारी नसेल, पण भाऊजींच्या कपाटात होता. त्यांनी जिल्ह्याचा एक नकाशा स्वतः काढला होता. त्यात नद्या नव्हत्या, डोंगर नव्हते, तालुक्यांच्या हद्दीसुद्धा नव्हत्या. फक्त गाड्या होत्या. चालती गाडी निळ्या शाईत, उभी गाडी लाल शाईत आणि भंगारात गेलेली काळ्या. एखादी गाडी लालची काळी झाली की त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. मोठ्या जाऊबाई ताट झाकून ठेवायच्या आणि मला सांगायच्या, "आज कुणीतरी गेलं वाटतं. पैठणकडचं असेल."

दर रविवारी भाऊजी एसटीच्या टपावर सायकल टाकून निघत. कुठल्या तरी फाट्यावर उतरून मग सायकलीवर पुढे. गाडी सापडली की आधी तिच्याभोवती एक चक्कर मारायची, देवळात मारतात तशी, उजवीकडून. मग बोटाच्या पेरानं तिचं अंग वाजवायचं आणि कान लावायचा. मग खिशातलं लोहचुंबक काढायचं. जुन्या गाडीचा पत्रा सडला की लबाड लोक तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारतात, आणि लांबीवर लोहचुंबक चिकटत नाही, हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. हे लोहचुंबक त्यांच्या खिशात कायम असे, त्यामुळे जाऊबाईंच्या शिवणाच्या सुया, टाचण्या आणि एकदा तर माझी कात्री भाऊजींच्या सदऱ्यात सापडली होती. आमच्या धाकट्या नणंदेच्या लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी मांडवासमोर येऊन थांबली. सगळे अक्षता घेऊन उभे. भाऊजी मुलीचे थोरले भाऊ, म्हणून स्वागताला पुढे. त्यांनी हार बाजूला केला, लोहचुंबक मडगार्डला लावलं आणि सोडलं. ते टणकन खाली पडलं. "हे मडगार्ड पत्र्याचं नाहीच हो," भाऊजी नवरदेवाच्या मामांना कळवळून म्हणाले, "तुम्हाला फसवलंय कुणीतरी." गाडी मामांचीच होती. मामांनी संबंध लग्नात आमच्याकडचा लाडू खाल्ला नाही.

एवढ्या सगळ्या गाड्यांत त्यांना स्वतःसाठी मात्र एकच हवी होती. तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव वेगळं होतं. लोक तिच्या गोल पाठीमुळे आणि पुढे आलेल्या नाकाडामुळे तिला डुक्कर म्हणत. भाऊजींना हे नाव सहन होत नसे. ते तिला 'उलट्या दारांची' म्हणायचे, कारण तिची पुढची दोन्ही दारं कपाटासारखी मागच्या बाजूला उघडत. भाऊजी शाळकरी असताना माझ्या सासूबाई फार आजारी पडल्या होत्या, आणि त्यांना तपासायला शहरातले एक डॉक्टर अशाच गाडीतून आले होते. डॉक्टरांसाठी दार उघडायला हा मुलगा धावला आणि भलत्या बाजूनं ओढत बसला. डॉक्टर हसले, त्यांनी आतून दार उघडलं आणि म्हणाले, "चुकलं नाही तुझं, दारच उलटं आहे." सासूबाई बऱ्या झाल्या. त्या औषधानं बऱ्या झाल्या असं घरातले सगळे मानत. भाऊजी एकटे असे होते की ज्यांना ते श्रेय थोडं गाडीलाही द्यावंसं वाटे.

मग इतक्या वर्षांत त्यांना ती मिळाली का नाही? दोनदा मिळत होती. पैसेही होते, जाऊबाईंनी संसारातून बाजूला काढलेले. पण भाऊजींमध्ये एक खोट होती, आणि ती कुठल्याही लोहचुंबकानं सापडण्यासारखी नव्हती. त्यांना मालकासमोर गाडीची स्तुती केल्याशिवाय राहवत नसे. विकत घेणाऱ्या माणसानं नाक मुरडायचं असतं, टायर गेलेत म्हणायचं असतं, निघून जायला वळायचं असतं. एवढं मला भाजी घेताना कळतं. भाऊजी उलट मालकाला त्याच्या गाडीची ओळख करून देत. बिडकीनला एका कापूसवाल्याकडे अशीच एक उलट्या दारांची उभी होती. तो बिचारा अडगळ जाईल म्हणून आनंदात होता आणि मिळेल त्या भावाला द्यायला तयार होता. भाऊजींनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं ते अर्धा तास काढलं नाही, आणि बाहेर येऊन म्हणाले, "अहो, हिचं सगळं मूळचं आहे. स्क्रूसुद्धा बदललेला नाही. अशी गाडी तुम्ही विकताय? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" कापूसवाल्यानं पहिल्यांदाच आपल्या गाडीकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ती धुवून घेतली, तिसऱ्या दिवशी तिला हार घातला आणि आठवड्यानं तीच गाडी घेऊन तो सहकुटुंब पैठणला जेवणाच्या डब्यासकट जाऊन आला. भाऊजी हे सांगताना इतके खूश होते की नकाशावरचा लाल ठिपका निळा करताना त्यांनी शिट्टी वाजवली. वैजापूरकडच्या एका शिक्षकांच्या बाबतीत हेच झालं. जाऊबाई म्हणायच्या, "ह्यांनी आजवर दोन गाड्या घेतल्यात सुमन. एक बिडकीनवाल्याला आणि एक त्या मास्तरला."

अशा परिस्थितीत एका बुधवारी सकाळी उस्मानपुऱ्यातले गफूर मिस्त्री आमच्या दारात येऊन उभे राहिले. गफूर मिस्त्री म्हणजे भाऊजींचे गुरू. त्यांच्या गॅरेजात भाऊजी ऑफिस सुटल्यावर तासन्‌तास एका आडव्या टायरवर बसून असत. मिस्त्री एरवी बोलताना घाई करत नसत, पण त्या दिवशी त्यांनी चप्पलही काढली नाही.

"साब कहाँ है, भाभी? देवगाव रंगारी में हैगी. वोईच. उलटे दरवाजेवाली. कडबी के नीचे ग्यारा साल से सो री."

भाऊजी न्हाणीघरातून तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. "इंजिन?"

"जाम नै. मैं हात से घुमा के देखा. लेकिन साब, कल दोपर को भंगारवाला आ रा. बुढ्ढे के बेटे ने जबान दे दी, सात हजार में. काट के ले जाने वाला."

काट के, हा शब्द ऐकल्याबरोबर भाऊजी पाटावर बसले. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होते, पण त्यांचा चेहरा असा झालेला पाहिला नव्हता. जिल्ह्यात या जातीची विकत मिळण्यासारखी हीच एक उरली होती. बिडकीनची आणि वैजापूरची तर त्यांनीच त्यांच्या मालकांच्या गळ्यात कायमच्या बांधून ठेवल्या होत्या. म्हणजे उद्या दुपारपर्यंत ही मिळाली तर मिळाली, नाहीतर नकाशावर एक काळा ठिपका आणि संपलं. मी ताबडतोब कागद घेतला. मोठ्या जाऊबाईंनी मात्र त्याआधीच निर्णय दिला होता.

"सुमन तुमच्याबरोबर येईल. भाव ती करील. आणि तुम्ही तिथं एक अक्षर बोलायचं नाही."

"एकही नाही?" भाऊजींनी केविलवाणं होऊन विचारलं.

"राम राम म्हणा. येताना पुन्हा म्हणा. मध्ये काही नाही." आणि त्यांनी डब्यातून एक न कातरलेली अख्खी सुपारी काढून त्यांच्या हातात ठेवली. "ही तोंडात धरायची. गाडी आपली होईपर्यंत काढायची नाही."

गुरुवारी सकाळी आम्ही मिस्त्रींच्या जीपमधून निघालो. मागे बॅटरी, पेट्रोलचा डबा, हवेचा पंप, दोरखंड. माझ्या पर्समध्ये यादी: आरसी बुक, कराच्या पावत्या, चासी नंबर ताडून पाहणे, आणि खाली, मालकाला ऐकवायचे दोष, क्रमानं. मी पाच हजारांपासून सुरुवात करणार होते आणि नऊच्या वर जाणार नव्हते. वेरूळ मागे पडलं तसं भाऊजींनी न सांगता सुपारी तोंडात टाकली. म्हटलं, अजून अर्धा तास आहे. त्यांनी हातानं खुणावलं, की सवय करून घेतो आहे.

गाडीचे मालक एक थोराड बांध्याचे म्हातारे होते. सगळे त्यांना आबा म्हणत. जन्मभर त्यांनी बैलांचा व्यापार केलेला. डोक्याला लाल रुमाल, कपाळाला बुक्का आणि डोळे असे की, दातांवरून बैलाचं वय सांगावं तसं, समोरचा माणूस किती दातांचा आहे हे त्यांना लांबूनच कळत असावं. "या, या," ते म्हणाले. "लेकराला शेड रिकामं पायजे. ट्रॅक्टर लावायचाय त्याला. मी म्हन्लं, ने बाबा, काय न्यायचं ते." चहा झाला. भाऊजींनी सुपारी गालात सरकवून चहा प्यायला, हे मी कौतुकानं लिहून ठेवते.

शेडमधला कडबा दोन गड्यांनी बाजूला केला आणि आधी एक कोंबडी बाहेर आली, तिच्यामागे दुसरी, मग धुळीचा एक लोट, आणि मग ती. खरं सांगते, मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण त्या धुळीतही तिचा गोल पाठीचा आकार असा दिसला की कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन शांत झोपलंय. भाऊजींनी उजवीकडून चक्कर मारली. पेरानं वाजवून पाहिलं. लोहचुंबक काढलं. दार: टक. मडगार्ड: टक. दुसरं मडगार्ड: टक. टपावर, डिकीवर, बॉनेटवर; टक, टक, टक. प्रत्येक टकला त्यांचे डोळे थोडे मोठे होत होते आणि गालातली सुपारी या गालातून त्या गालात जात होती. मला भीती वाटली की त्यांनी ती गिळली तर! मी घाईनं यादी वाचायला घेतली.

"आबा, तळाचा पत्रा दोन जागी गेलाय. चारी टायर बसलेत. गाद्या उंदरांनी खाल्ल्यात. बॅटरी नाही. मागच्या सीटवर पाच अंडी आहेत."

"सा हायेत," आबा म्हणाले. "काल बी सा व्हती."

"आणि एक दिवा फुटलाय."

"फुटलाय. लई दिस झाले." आबांवर काही परिणाम होत नव्हता. त्यांनी बाकी कशाकडे नाही, भाऊजींकडे पाहत हे उत्तर दिलं. "बाई, तुमी बोलता झाक. पन मी तोंडानं भाव करीत नाय. जनावराचा नाय, गाडीचा नाय. आपला भाव कापडाखाली."

बैलबाजारात भाव कसा होतो हे मला ऐकून माहीत होतं. दोघांनी एका कापडाखाली हात घालायचे. एक बोट धरलं की एक हजार, सगळा पंजा धरला की पाच. भोवती शंभर माणसं उभी असोत, दोघांखेरीज कुणाला आकडा कळत नाही. मी पदर खोचून पुढे झाले. आबांनी दोन्ही हात मागे घेतले.

"नाय माय. बाईमानसाचा हात मी कसा धरू? हे पावनं धरतील."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रींकडे पाहिलं. इतक्या तयारीनिशी आलेलं सगळं प्रकरण त्या एका माणसाच्या हातात जात होतं ज्याच्या हातात ते जाऊ नये म्हणून मी आले होते. मी भाऊजींना बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं: पहिल्यांदा एक पंजा, पाच. मग एकेक बोट. नऊच्या वर नाही. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. एका गोष्टीचं समाधान होतं. कापडाखाली स्तुती करता येत नाही.

आबांनी डोक्याचा रुमाल सोडून हातावर टाकला. दोघांचे हात आत गेले. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. आबांचा चेहरा एखाद्या दगडासारखा होता. भाऊजींच्या चेहऱ्यावर मात्र वीस वर्षांच्या रविवारांची गर्दी झाली होती. मग आबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी रुमालाखालचा हात जरा मागे घेतला, पुन्हा पुढे केला. पुन्हा भुवया वर. आणि मग तो सगळा थोराड म्हातारा गदगदून हसायला लागला. रुमाल खाली पडला. भाऊजींनी आबांचा पंजा दोन्ही हातांत गच्च धरून ठेवला होता.

"चाळीस साल बाजार केला," आबा डोळे पुसत म्हणाले. "मी नऊ मागितलं. ह्या मानसानं दा सांगितलं! म्या म्हन्लं चुकला आसंल, म्हनून पुन्यांदा नऊ सांगितलं. ह्यानं पुन्यांदा दा! घेनाराच भाव चढवतोय व्हय?"

मी कपाळावर हात मारला. मिस्त्रींनी "या अल्ला" म्हणून जीपला टेकून घेतलं. आबा मात्र हसायचे थांबले होते आणि आपल्या हाताकडे बघत होते.

"आनि ह्याचा हात कापतोय," ते हळूच म्हणाले. "घेनाऱ्याचा हात कदी कापत नाय, पावनं. इकनाऱ्याचा कापतो. काय झालं तुमाला?"

भाऊजींनी सुपारी काढली. मी डोळे मिटून घेतले. आता दहाचे अकरा होतात की बारा, एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"आबा, तिला कापायला देऊ नका," भाऊजी म्हणाले. "मला नाही दिलीत तरी चालेल. तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे दहाच आहेत म्हणून दहा सांगितले, जास्त असते तर जास्त सांगितले असते. पण हिला कापायचं नाही हो. हिच्या अंगात एक चमचाभर लांबी नाही. अकरा वर्षं कडब्याखाली राहिली, पण हिचं दार बघा कसं लागतं." त्यांनी ते उलटं दार उघडलं आणि एका बोटानं ढकललं. ते खट्‌ करून बसलं.

आबांनी त्या दारावरची धूळ तळव्यानं पुसली. मग म्हणाले, "घरधनीनीसाठी घेतली व्हती. तिचं गुडघं धरलं, बैलगाडीत चढता येईना. हिच्या ह्या दारातून नीट बसता यायचं, पाठ टेकून. लेक चालवायचा. ती गेली, तवापासून हिच्यात कोनी बसलं नाय. मला बी उघडवंना." त्यांनी रुमाल उचलून झटकला. "त्या भंगारवाल्याचंच सात द्या. तो कापनार हाय, तुमी चालवनार हाय. तुमच्याकडून जास्ती काहून घ्यायचं?"

असा भाव मी माझ्या सगळ्या याद्या घेऊन सात जन्मांत केला नसता. मी पर्सची चेन उघडली सुद्धा. आणि तेवढ्यात आमचे सत्यवचनी भाऊजी म्हणाले, "मी नाही चालवणार. मला कुठं येते चालवायला?"

वीस वर्षं हा माणूस गाड्यांखेरीज दुसरं बोलला नव्हता. त्याला कुठल्या गाडीचा कुठला गिअर कुठे पडतो हे झोपेत सांगता येत होतं. त्याला गाडी चालवता येते का, हे विचारायचं जाऊबाईंच्या मनात आलं नव्हतं, मिस्त्रींच्या मनात आलं नव्हतं, आणि माझ्या यादीत ती ओळच नव्हती.

"मंग?" आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दारात बांधून वैरन घालनार का तिला? उभीच करायची आसंल तर माझं शेड काय वाईट व्हतं? चालवनार कोन?"

भाऊजींनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "मैं आज घर तक छोडूंगा, साब. रोज कैसा आऊँ?" आबा रुमाल डोक्याला गुंडाळायला लागले. तो गुंडाळून झाला की व्यवहार मोडला, हे मला कुणी सांगायला नको होतं. अजून दोन वेढे राहिले होते.

"मी चालवीन," मी म्हणाले.

"तुमाला येती?"

"नाही येत. शिकेन. दोन महिन्यांत शिकेन, आणि पहिल्यांदा इथंच घेऊन येईन. तुम्हाला दाखवायला."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी किती दातांची आहे हे त्यांना कळलं असावं. "बाई यादीवाली हाय," ते मिस्त्रींना म्हणाले. "लिवलं म्हंजी करंल." आणि त्यांनी खिशातून चावी काढली. तिला बैलाच्या गळ्यातल्या घुंगराचा एक गोफ बांधलेला होता. तो सोडून त्यांनी आपल्या खिशात ठेवला आणि नुसती चावी भाऊजींना दिली. "जनावर इकलं तरी दावं घरी ठिवायचं आसतं."

मग जी धांदल उडाली! मिस्त्रींनी बॅटरी जोडली, पेट्रोल ओतलं, प्लग पुसले, मी पावत्या आणि चासी नंबर ताडून पाहिला, दोन्ही गडी आळीपाळीनं टायरांत हवा मारत होते आणि आबांची नात अंडी ओच्यात घेऊन उभी होती. हँडल मारायला भाऊजींना कुणी देईना, तेव्हा ते शेडभर उगाच येरझाऱ्या घालू लागले. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. सहाव्या झटक्याला गाडी एकदा खोकली, आणि सातव्याला तिनं असा काळा धूर सोडला की सगळं शेड दिसेनासं झालं आणि त्या धुरातून भाऊजींचा आवाज आला, "बोलली! बोलली!" शेजारच्या आळीतली माणसं गोळा झाली. आबांनी पुढे होऊन बॉनेटवर तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि इंजिनाची थरथर हाताला लागेपर्यंत काढला नाही. गाडी मिस्त्री चालवत होते; त्यांची जीप आबांच्या अंगणात राहिली, ती ते दुसऱ्या दिवशी एसटीनं जाऊन आणणार होते. आम्ही वेशीतून बाहेर पडत होतो तेव्हा समोरून एक टेम्पो आला. भंगारवाला होता. भाऊजींनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला मनापासून राम राम केला.

गाडी दारात आली तेव्हा जाऊबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी भाऊजींना नाही, आधी गाडीलाच ओवाळलं, आणि मग विचारलं, "कितीला?" मी आकडा सांगितला. "सुपारी होती म्हणून," त्या समाधानानं म्हणाल्या.

मी दोन महिन्यांत नाही, सव्वा महिन्यात शिकले. उस्मानपुऱ्यातल्या मोकळ्या मैदानावर गफूर मिस्त्री रोज सकाळी मला शिकवत, आणि मागच्या सीटवर बसलेले भाऊजी प्रत्येक गिअर माझ्याआधी स्वतःच्या मनात टाकत. त्यांना तोंडी सगळं येत होतं, मात्र स्टिअरिंगवर बसवलं की ते घामेघूम होत आणि म्हणत, "माझ्यानं तिला लागलं-खुपलं तर?" दोनदा प्रयत्न केल्यावर आम्ही तो विषय सोडला. देवगाव रंगारीला मी ठरल्याप्रमाणे घेऊन गेले. आबांना पुढच्या दारातून बसवून गावाबाहेरच्या देवळापर्यंत नेऊन आणलं. ते वाटभर पाठ टेकून बसले होते.

दर रविवारी मग आम्ही तिघं निघायचो; मी चालवायला, भाऊजी शेजारी, जाऊबाई मागे डब्यासह. भाऊजींसारखा सुखी माणूस मी पाहिला नाही. पण हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आता ते एसटीच्या टपावर सायकल टाकून कुठे जात नव्हते. कुणाच्या गोठ्यात डोकावत नव्हते. कुठल्या गावाहून काही बातमी येत नव्हती, आणि कपाटातल्या नकाशाची गुंडाळी सहा महिन्यांत कुणी उघडली नव्हती. आम्ही त्यांना हवी ती गाडी मिळवून दिली होती, अगदी भंगाराच्या भावात. त्या भरात त्यांचे रविवार कुठे गेले याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

एका रविवारी कन्नडकडून परत येत होतो. ऊन कलतं झालं होतं. रस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली, अर्धी पाचोळ्यात बुडालेली, एक फार जुनी लांबलचक गाडी उभी दिसली. तिच्या टपावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. भाऊजींनी ती माझ्याआधी पाहिली होती. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेलेला मला दिसला. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नको, सुमन," ते हलक्या आवाजात म्हणाले आणि समोरच्या काचेकडे बघू लागले. "हिला वाईट वाटेल."

जाऊबाई मागे झोपल्या होत्या. मी बरं म्हटलं. मग गिअर बदलण्याचं निमित्त करून, ती चिंच मागे पडेपर्यंत, गाडी जरा हळूच चालवली.